कमोडोर ६४ ला १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह कसा जोडावा

कमोडोर ६४ या १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकामध्ये फ्लॉपी चालवणारी वेगळी सर्किटच नाहीत. ते सगळे काम १५४१ स्वतः करतो. त्याच्या पोटात स्वतंत्र ६५०२ प्रोसेसर आणि २ किलोबाइट मेमरी आहे. त्यामुळे जोडणी एका केबलची असते आणि बिघाड झाला की काय बिनसले ते ड्राइव्हच सांगतो. मात्र वापरलेला जुना संच हाती आला असेल तर केबलला हात लावण्याआधी वीज तपासा.

कमोडोरचा मूळ पॉवर सप्लाय हा या जोडीतला सर्वांत धोकादायक भाग. आतला रेग्युलेटर बिघडला की ५ व्होल्टची लाइन वर चढते आणि मेमरीच्या चिप जळतात. मल्टिमीटरने ती लाइन ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या मध्ये आहे का ते बघा. दुसरी लाइन ९ व्होल्ट एसीची असते. आकडा आज बरोबर आला तरी उद्याची खात्री नाही, म्हणून नव्या बनावटीचा सप्लाय घेणेच शहाणपणाचे. १५४१ चा ट्रान्सफॉर्मर आतच असतो, तेव्हा मागच्या लेबलवरचा व्होल्टेज घरच्या विजेशी जुळतो का ते पाहा. १५४१-टू या नंतरच्या मॉडेलला बाहेरून ५ आणि १२ व्होल्ट देणारा सप्लाय लागतो.

आता सफाई. ड्राइव्हच्या दारात वाहतुकीसाठी घातलेला पुठ्ठा असेल तर तो काढा. प्लग काढून ठेवा आणि मगच झाकण उघडा. या ड्राइव्हला फ्लॉपी वाचणारे-लिहिणारे हेड एकच, तेही खालच्या बाजूला. वरच्या दांडीवर असते ती नमद्याची छोटी गादी. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी हेडवरून अलगद फिरवा. काडीवर तपकिरी डाग येईनासे होईपर्यंत काड्या बदलत राहा. गादी भिजवू नका.

जोडताना:

१. दोन्ही यंत्रे बंद ठेवा. चालू स्थितीत केबल खुपसली की कमोडोरमधली ६५२६ चिप जाण्याची भीती असते.
२. सहा पिनांचा गोल प्लग कमोडोरच्या सीरियल सॉकेटमध्ये लावा. शेजारचे गोल सॉकेट व्हिडिओचे आहे. प्लग सहज बसत नसेल तर जोर करू नका. ड्राइव्हच्या दोन सॉकेटपैकी कोणतेही चालेल.
३. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी न ठेवता आधी ड्राइव्ह, मग कमोडोर सुरू करा. लाल दिवा आणि मोटर क्षणभर चालून थांबायला हवी. दिवा लुकलुकत राहिला तर ड्राइव्हच्या स्वतःच्या तपासणीत दोष निघाला आहे.
४. लेबल वर आणि लांबट खिडकी आत जाईल अशी फ्लॉपी घाला, दार लावा. मग लोड"$",८ आणि नंतर लिस्ट, म्हणजे फ्लॉपीवरच्या फाइलींची यादी दिसेल; ८ हा ड्राइव्हचा क्रमांक. (आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.) मेमरीत बेसिक प्रोग्रॅम असेल तर तो यात पुसला जातो, म्हणून आधी सेव्ह करा.

फ्लॉपी डबल डेन्सिटीचीच हवी. १.२ मेगाबाइटच्या हाय डेन्सिटी फ्लॉपीचा चुंबकीय थर वेगळा असतो, त्यावर लिहिलेले टिकत नाही. कोरी फ्लॉपी ओपन १५,८,१५,"एन:नाव,०१":क्लोज १५ या आज्ञेने फॉर्मॅट होते. ६६४ ब्लॉक मोकळे दिसले पाहिजेत. शेवटचा दोन अक्षरी आयडी प्रत्येक फ्लॉपीला वेगळा द्या, कारण फ्लॉपी बदलली हे ड्राइव्ह त्यावरूनच ओळखतो. जुन्याच नावावर लिहिण्यासाठी "@" वापरणे टाळा. १५४१ मध्ये त्याचा दोष आहे आणि दुसऱ्याच फाइलची नासाडी होऊ शकते.

'डिव्हाइस नॉट प्रेझेंट' आले तर केबल, वीज किंवा ड्राइव्हचा क्रमांक चुकला आहे. काम करताना लाल दिवा लुकलुकू लागला तर हा प्रोग्रॅम चालवा:

१० ओपन १५,८,१५
२० इनपुट#१५,ए,बी$,सी,डी
३० प्रिंट ए;बी$;सी;डी
४० क्लोज १५

पडद्यावर येणारा पहिला आकडा पाहा. ७३ हा नुकत्याच सुरू झालेल्या ड्राइव्हचा परिचय आहे, दोष नव्हे. ७४ म्हणजे फ्लॉपी नाही किंवा नीट बसलेली नाही. २६ म्हणजे कडेची खाच झाकलेली आहे, लिहिता येणार नाही. २१ म्हणजे वाचता येत नाही; तो आला तर फ्लॉपी बदलून बघा: एकीवरच येत असेल तर दोष फ्लॉपीचा, सगळ्यांवर येत असेल तर हेड पुन्हा साफ करा. तरीही स्वतः फॉर्मॅट केलेल्या फ्लॉप्या वाचतो आणि इतरांच्या वाचत नाही, असे असेल तर हेडची जागा सरकली आहे. पहिला ट्रॅक ओळखायला या ड्राइव्हला सेन्सरच नाही; तो हेड अडणीवर आपटून जागा शोधतो. फॉर्मॅट करताना येणारी खडखड त्याचीच, आणि वर्षानुवर्षांच्या आपटण्याने जागा ढळते. हेडची जागा ठरवणाऱ्या अलाइनमेंटच्या स्क्रूला हात लावायची वेळ मात्र या सगळ्या तपासण्यांनंतरच येते.

दुसरा ड्राइव्ह पहिल्याच्या मोकळ्या सॉकेटमध्ये जोडा आणि त्याला ९ क्रमांक द्या. १५४१-टू च्या मागे त्यासाठी छोटे स्विच आहेत. जुन्या १५४१ मध्ये बोर्डवरचा जोड कापावा लागतो. क्रमांक सुरू होतानाच वाचला जातो, तेव्हा स्विच ड्राइव्ह बंद असतानाच सरकवा.