वुर्लित्झर २००ए: एखादाच सूर फाटत असेल तर या चुका टाळा

जुन्या वुर्लित्झर इलेक्ट्रिक पियानोचा एखादाच सूर चरचरू लागला की बरेच जण थेट अ‍ॅम्प्लिफायर उघडतात. घाई करू नका. अ‍ॅम्प्लिफायर सगळ्या ६४ सुरांना मिळून एकच आहे. तो बिघडला तर सगळेच सूर फाटतील. दोष एकाच सुरात असेल तर तो त्याच्या रीडपाशीच, म्हणजे सूर देणाऱ्या पोलादी पट्टीपाशीच सापडतो.

हातोडी पोलादी रीडवर आपटते आणि रीडचं टोक पिकअपच्या (थरथर टिपून तिचा विजेचा संकेत करणाऱ्या भागाच्या) पत्र्याच्या खाचेत थरथरतं. पत्र्यावर साधारण १५० व्होल्ट डीसी असतात, रीड अर्थला जोडलेली असते. दोघांमधली फट अगदी अरुंद. तिथे धुळीचा कण किंवा फेल्टचा धागा अडकला की चरचर. रीड पत्र्याला टेकली की मोठा फट्ट आवाज.

म्हणून झाकण काढण्याआधी प्लग काढा. नुसतं स्विच बंद करणं पुरेसं नाही, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) भार उरतो. दहा मिनिटं थांबा आणि पत्रा व अर्थ यांच्यातला व्होल्टेज मल्टिमीटरने मोजून जवळपास शून्यावर आल्याची खात्री करा. पिकअपवरचं धातूचं आवरण त्यानंतरच काढा.

आता वीज नसतानाच तो सूर वाजवा आणि कान रीडजवळ न्या. खरखर अशीही ऐकू आली तर दोष यांत्रिक आहे: रीडचा स्क्रू सैल, रीड पत्र्याला घासतेय किंवा डॅम्परचं (सूर थांबवणाऱ्या भागाचं) फेल्ट वाकडं बसलंय. आवाज स्वच्छ असेल तर बहुधा कचराच. कोरड्या मऊ ब्रशने तो खाचेतून बाहेर काढा, मग हवेचा हलका झोत द्या. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे इथे मारू नका. त्याच्या ओशट थरावर नवी धूळ चिकटते.

रीड खाचेच्या मध्यभागी नसेल तर स्क्रू अर्धा फेरा सैल करा, रीड बोटाने किंचित सरकवा, दोन्ही बाजूंची फट उजेडात सारखी दिसली की स्क्रू पक्का आवळा. पत्र्याचे दात वाकवून फट जुळवायला जाऊ नका, ते तुटले की भरून काढणं कठीण.

सगळ्यात महागात पडणारी चूक कानसची. हार्मोनियमची रीड घासून सूर लावायची सवय असलेले हात इथेही पोलादच घासायला जातात. वुर्लित्झरमध्ये सूर रीडच्या टोकावरच्या शिशाच्या डाखावर ठरतो: डाख कमी केला की सूर चढतो, वाढवला की उतरतो. फाटणाऱ्या सुराशी त्याचा संबंध नाही. शिवाय डाख जागेवरच घासला तर कीस पिकअपमध्ये पडतो आणि शेजारचे सूरही चरचरू लागतात. डाखाला हात लावायचाच असेल तर रीड बाहेर काढून लावा.

स्वच्छ करून, मध्यावर आणूनही सूर बोथट वाजत असेल, पटकन विरत असेल आणि उतरलेलाही असेल, तर रीडला बारीक तडा गेलाय. तिला डाख देऊन उपयोग नाही, रीड बदलावीच लागते.

जोरात वाजवल्यावर येणारी गुरगुर मात्र दोष समजू नका. रीड पत्र्याजवळून जास्त झोकात जाते, म्हणून ती येते. या वाद्याचा खास रंग तोच.