टॉवेल कारखान्यातल्या सर्व्हरची जोडी: नेटवर्क कार्डं आणि फेलओव्हर कसं लावायचं

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्याचे सर्व्हर मी सांभाळतो. सुताचा साठा, डाइंगचे लॉट, एक्स्पोर्टची कागदपत्रं, सगळं एकाच डेटाबेसवर चालतं आणि तो डेटाबेस दोन सर्व्हरच्या जोडीवर बसवलाय. लिनक्स, दोन सर्व्हरमधला संपर्क राखायला कोरोसिंक, सेवा कुठे चालवायची ते ठरवायला पेसमेकर आणि डेटा दोन्हीकडे ठेवायला डीआरबीडी. खाली लिहिलंय ते याच जोडीबद्दल, पण दोन सर्व्हरची जोडी कुठेही असो, मांडणी फारशी बदलत नाही.

कारखान्याचे मालक एकदा म्हणाले, "दोन-दोन कार्डं घेतली, मग सारखं टेस्टिंग कशाला?" दोन कार्डं असली म्हणजे दोन वाटा झाल्या असं नसतं, म्हणून. कार्ड जळून फेलओव्हर व्हायची, म्हणजे काम दुसऱ्या वाटेवर जायची, वेळ क्वचितच येते. जास्त वेळा होतं असं, की स्विचवरचा दिवा हिरवा असतो, केबल धड असते आणि पुढे काहीच जात नसतं. जोडी लावायची ती हा प्रकार डोक्यात ठेवून.

आधी पोर्ट निवडा. मदरबोर्डवर चार पोर्ट शेजारी-शेजारी दिसतात आणि माणूस पहिले दोन उचलतो. ते बहुतेक वेळा एकाच चिपवर असतात. चिप गेली की दोन्ही गेले. म्हणून बाँडमध्ये (दोन पोर्ट एकत्र बांधून एकच पोर्ट असल्यासारखे वापरायची सोय) एक पोर्ट मदरबोर्डवरचा घ्या आणि दुसरा स्लॉटमध्ये बसवलेल्या कार्डावरचा. लिनक्समध्ये ईएनओ नावाने सुरू होणारे पोर्ट मदरबोर्डवरचे असतात, ईएनएस किंवा ईएनपी सहसा स्लॉटमधल्या कार्डाचे. तरी नावावर विसंबू नका. ईथटूल या कमांडला पी पर्याय आणि पोर्टचं नाव दिलं की त्या पोर्टचा दिवा लुकलुकायला लागतो. रॅकमागे जाऊन बघा आणि लगेच केबलच्या दोन्ही टोकांना लेबल लावा. पोर्ट कुठल्या स्विचच्या कितव्या भोकात गेलाय, तेही लेबलवर लिहा.

दोन्ही केबल दोन वेगळ्या स्विचला गेल्या पाहिजेत आणि ते स्विच दोन वेगळ्या यूपीएसवर हवेत. हे सगळ्यांना माहीत असतं. पण वायरिंग करणारे अण्णा जागा दिसेल त्या बोर्डात पिन घालून मोकळे होतात, तेव्हा स्विचच्या पॉवर केबलचा माग एकदा स्वतः हाताने धरून काढा. आमच्याकडे आणखी एक भानगड असते. शेडमध्ये कापसाचे तंतू उडतात, ते स्विचच्या पंख्यात जाऊन बसतात आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की स्विच तापून विचित्र वागायला लागतो. अशा वेळी पूर्ण बंद पडला तर बरं. अर्धवट चालू राहणारा स्विच जास्त छळतो.

बाँडचा प्रकार ॲक्टिव्ह-बॅकअप, म्हणजे मोड १: एक कार्ड चालू, दुसरं राखीव. वेग वाढेल म्हणून लोक एलएसीपीकडे, म्हणजे दोन्ही पोर्ट एकदम वापरणाऱ्या प्रकाराकडे, वळतात. पण दोन स्वतंत्र स्विचवर एलएसीपी पसरायचं तर ते स्विच एकमेकांशी स्टॅक किंवा एमलॅगने जोडता यायला हवेत, आणि मग दोन्ही स्विचचं डोकं काही अंशी एकच होतं. मोड १ ला स्विचवर बाँडसाठी काहीच करावं लागत नाही. फक्त सर्व्हरच्या पोर्टांवर स्पॅनिंग ट्रीचं (वाहतूक गोल-गोल फिरू न देणारी स्विचमधली सोय) एज सेटिंग, म्हणजे पोर्टफास्ट, चालू करा. ते नसेल तर केबल लावल्यावर लिंक लगेच येते, पण पोर्ट पुढची ३० सेकंद काहीच सोडत नाही. बाँड तेवढ्यात त्या पोर्टवर उडी मारून बसला, तर चालू असलेली वाट सोडून बंद वाटेवर गेला म्हणून समजा.

आता बाँडला वाट गेल्याचं कळणार कसं? सगळीकडे एमआयआयमॉन १०० लिहिलेलं सापडतं. दर १०० मिलिसेकंदाला कार्डाला विचारायचं, लिंक आहे का? कार्ड फक्त समोरच्या स्विचच्या पोर्टपर्यंतचं सांगतं. स्विचची वरची, म्हणजे पुढच्या नेटवर्ककडे जाणारी, केबल निघाली किंवा कोणी पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये (स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये) टाकला, तरी उत्तर "आहे" असंच येतं. "लाइट तर लागलाय की हो!" हे वाक्य फोनवर मी किती वेळा ऐकलंय.

म्हणून मी एआरपीने, म्हणजे हा पत्ता कोणाचा असं नेटवर्कवर विचारणाऱ्या हाकेने, तपासणी लावतो. दर ५०० मिलिसेकंदाला बाँड ठरलेल्या पत्त्यांना एआरपीने हाक मारतो आणि उत्तर येईना झालं की दुसऱ्या कार्डावर जातो. हाक मारायला किमान दोन पत्ते द्या. एक गेटवेचा, म्हणजे राउटरचा, आणि दुसरा कायम चालू असणाऱ्या एखाद्या यंत्राचा, नाहीतर राउटर रीस्टार्ट केला की दोन्ही कार्डं मेली असं बाँडला वाटेल. एआरपी तपासणी आणि एमआयआयमॉन एकत्र चालत नाहीत, एकच ठेवा. एलएसीपीसोबतही ही तपासणी वापरायची नसते.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती क्लस्टरमध्येच, म्हणजे अशा सर्व्हरच्या जोडीतच, चावते. एआरपी-व्हॅलिडेट हा पर्याय मुळात बंद असतो. तो बंद असताना कार्डावर काहीतरी येतंय एवढ्यावरच बाँड समाधानी राहतो. आता दोन्ही सर्व्हर एकाच स्विचवरून हाका मारतायत आणि त्या स्विचची वरची वाट तुटलीय असं धरा. पहिल्याची हाक दुसऱ्याला ऐकू येते, दुसऱ्याची पहिल्याला, आणि दोघंही खूश, वाट चालू आहे म्हणून! व्हॅलिडेटला ऑल ही किंमत द्या, म्हणजे आलेली एआरपी खरीच त्या पत्त्यांशी संबंधित आहे का हे तपासलं जातं.

प्रायमरी, म्हणजे पहिल्या पसंतीचं, कार्ड नेमलं असेल तर प्रायमरी-रीसिलेक्ट फेल्युअरवर ठेवा, म्हणजे चालू कार्ड बंद पडल्याशिवाय बाँड परत फिरत नाही. नाहीतर सैल झालेली केबल लागते-निघते, आणि दर वेळी बाँड इकडून तिकडे उड्या मारत बसतो.

यानंतर कोरोसिंक. त्याला दोन स्वतंत्र लिंक द्या: एक दोन सर्व्हरमध्ये थेट टाकलेली केबल, जिच्यावर डीआरबीडीही चालतं, आणि दुसरी बाँडवरून. कोरोसिंकच्या केनेट वाहतुकीत आठपर्यंत लिंक देता येतात, आपल्याला दोन पुरतात. थेट केबलला जास्त प्राधान्य द्या. टोकन टाइमआउट, म्हणजे समोरचा सर्व्हर मेला असं धरण्याआधी वाट बघायचा वेळ, मात्र नीट बघा: जुन्या आवृत्त्यांत तो मुळात १ सेकंद असायचा, ३.१ पासून ३ सेकंद आहे. थेट केबल निघालेली असताना बाँडला कार्ड बदलायला दीड सेकंद लागला आणि टोकन १ सेकंदाचं असलं, तर नुसत्या कार्डबदलाला क्लस्टर सर्व्हर मेला असं समजेल. टोकनचा वेळ बाँडच्या वेळेपेक्षा आरामात मोठा हवा. दोनच सर्व्हर आहेत, म्हणून क्वोरममध्ये (काम चालू ठेवायला किती सर्व्हर हजर हवेत त्या हिशेबात) टू-नोड १ करा. त्यासोबत वेट-फॉर-ऑल (सुरुवातीला दोन्ही सर्व्हर एकमेकांना दिसेपर्यंत थांबणं) आपोआप लागू होतं, ते काढू नका.

तरंगता पत्ता, म्हणजे सेवेबरोबर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाणारा आयपी पत्ता, पेसमेकरच्या आयपीॲडर२ ने बाँडवर ठेवायचा. बाँडमधलं कार्ड बदललं तर मॅक पत्ता (हार्डवेअरचा पत्ता) तोच राहतो. पण पत्ता दुसऱ्या सर्व्हरवर गेला की मॅकही बदलतो, आणि ते सगळ्यांना कळावं म्हणून आयपीॲडर२ स्वतःहून एआरपी पाठवतं. संगणक ऐकतात. जुने बारकोड प्रिंटर आणि वजनकाट्याचे बॉक्स कधीकधी ऐकत नाहीत, जुना मॅक धरून बसतात. ते चाचणीत तपासायच्या यादीत घ्या.

एखाद्या सर्व्हरच्या दोन्ही वाटा गेल्या तर सेवा दुसरीकडे जायला हवी. त्यासाठी पिंग रिसोर्सचा क्लोन (दोन्ही सर्व्हरवरून गेटवेला पिंग करून वाट तपासणारं काम) चालवा आणि सेवा कुठे चालावी याचे लोकेशन नियम लावा. इथे "पिंग शून्य असेल तर चालूच द्यायचं नाही" असा नियम बऱ्याच जणांनी लावलेला दिसतो. मग गेटवे बंद पडला की धडधाकट डेटाबेस दोन्हीकडे बंद होतो. त्याऐवजी पिंगच्या गुणांवरून पसंती ठरवा, म्हणजे ज्याची वाट बरी त्याच्याकडे सेवा जाईल आणि दोघांची सारखीच वाईट असेल तर आहे तिथे राहील. मल्टिप्लायर (एका पिंग उत्तराचे गुण) १००० आणि स्टिकीनेस (आहे तिथेच राहायची ओढ) १०० असं काहीतरी ठेवा. स्टिकीनेस मोठा पडला तर सेवा हलायचीच नाही.

फेन्सिंगशिवाय, म्हणजे बिघडलेला सर्व्हर जबरदस्तीने बंद करायच्या सोयीशिवाय, हे सगळं चालू करू नका. मागावर ताण्याचा एक धागा तुटला की माग आपोआप थांबतो, कारण पुढचा सगळा कपडा खराब विणण्यापेक्षा थांबलेला माग परवडतो. फेन्सिंगचं काम तेच. दोन्ही सर्व्हर एकाच वेळी मीच मुख्य म्हणून लिहू लागले तर डेटा जोडता जोडता नाकी नऊ येतात. आयपीएमआयसाठी (सर्व्हर दुरून बंद-चालू करायची सोय) वेगळा पोर्ट वापरा, बाँडमधल्या पोर्टवर शेअर करू नका. आणि दोघांनी एकमेकांना एकदमच बंद करू नये म्हणून एका फेन्स उपकरणाला काही सेकंदांचा डिले द्या.

चाचणी मी सिद्धेश्वराच्या यात्रेत घेतो. गड्ड्याच्या, म्हणजे या जत्रेच्या, दिवसांत शेड रिकामी असते, कोणी ओरडत नाही. कमांडने इंटरफेस खाली पाडून केलेली चाचणी धरू नका, हाताने केबल काढा. मग एक स्विच बंद करा. मग स्विच चालू ठेवून फक्त त्याची वरची केबल काढा. एमआयआयमॉनवाल्यांची विकेट इथेच जाते. शेवटी थेट केबल आणि बाँडच्या दोन्ही केबल एकदम काढा आणि फेन्सिंग खरंच होतंय का बघा. या सगळ्या वेळात तिसऱ्या संगणकावरून तरंगत्या पत्त्याला वेळेसकट पिंग चालू ठेवा आणि दुसऱ्या खिडकीत खरा डेटाबेस क्वेरी करत राहा, कारण पिंग येतं पण क्वेरी अडकते असंही होतं.

चालू झाल्यावर एक गोष्ट रोज बघावी लागते. बाँडमधली दुसरी केबल मेली तरी कोणाचं काहीच अडत नाही, त्यामुळे कोणाला कळतही नाही. कर्नलच्या प्रॉक फोल्डरमध्ये बाँडची एक फाइल असते. तिच्यात चालू कार्ड कोणतं, प्रत्येकाची स्थिती काय आणि लिंक किती वेळा गेली हे लिहिलेलं असतं. ती वाचून फरक दिसला की मेल टाकणारी छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) लावा, दोन्ही सर्व्हरवर. कोरोसिंकच्या दोन लिंकचीही तशीच. मेल मात्र अशा माणसाला जाऊ द्या, जो तो उघडून वाचतो.