सुट्टीत स्कूबा शिकायचंय? जागा ठरवताना या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की ओळखीतून फोन सुरू होतात. "अंदमानला शिकू, थायलंडला, की आपलं मालवणच बरं?" मी उलट विचारते, शिकायचंय की एकदा पाण्याखाली डोकावून यायचंय? हे दोन वेगळे प्रकार आहेत हेच अनेकांना माहीत नसतं, आणि पुढच्या बऱ्याच चुका त्यातूनच होतात.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होडीतून नेऊन थोडा वेळ पाण्यात उतरवतात, तो झाला अनुभव. इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून असतो, पोहता आलं नाही तरी चालतं. मासे दिसतात, व्हिडिओ मिळतो, आनंद होतोच. पण शिकायचं तर 'ओपन वॉटर' कोर्स करावा लागतो: थिअरी, पोहण्याच्या तलावातला सराव आणि समुद्रात 4 डायव्ह. त्याला 3 ते 4 दिवस लागतात. त्यानंतर जोडीदाराबरोबर 18 मीटरपर्यंत उतरता येतं आणि पाडी, एसएसआयसारख्या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेचं कार्ड जगभर चालतं. एका दुपारी हातात पडलेल्या सर्टिफिकेटवर हे होत नाही.

दिवसांचा हिशेब चुकतो

पुण्याहून अंदमान म्हणजे बहुधा विमान बदलून श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, आणि तिथून बोटीने स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक बेट. जाण्यायेण्यातच दोन दिवस जातात. सहा दिवसांच्या पॅकेजमध्ये सेल्युलर जेल, बाराटांग आणि त्यात कोर्स कोंबला, तर एक दिवस समुद्र खवळला तरी सगळं कोलमडतं. मग इन्स्ट्रक्टरवरही उरकून टाकायचा दबाव येतो. ही घाई मला सगळ्यात धोक्याची वाटते.

यावर सोपा उपाय आहे. थिअरी ऑनलाइन करा, तलावातला भाग पुण्यातच एखाद्या अधिकृत इन्स्ट्रक्टरकडे पूर्ण करा आणि 'रेफरल'चा, म्हणजे एवढा भाग झाल्याचा, कागद घेऊन समुद्रावर जा. तिथे फक्त 4 डायव्ह उरतात, ते दोन दिवसांत होतात. मास्कमधलं पाणी नाकाने फुंकून बाहेर काढणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं उपकरण, शोधून परत लावणं, हे कंबरभर पाण्यात पाय टेकवून शिकताना मन शांत राहतं. कोर्ससाठी 200 मीटर पोहावं आणि 10 मिनिटं तरंगावं लागतं. पुण्यातल्या टिळक टँकसारख्या पोहण्याच्या तलावावर महिनाभर आधी नियमित जा. मेडिकल फॉर्मही इथेच भरा. दमा, कानाचं ऑपरेशन, ब्लडप्रेशर अशा एखाद्या प्रश्नाला 'हो' आलं तर डॉक्टरांची सही लागते, आणि बेटावर ती मिळवण्यात अख्खा दिवस जाऊ शकतो.

महिना न बघता बेट ठरवणं

मालवण-तारकर्लीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात तिथे डायव्हिंग बंद असतं. अंदमानात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मोसमी पाऊस पोहोचतो, म्हणून मुलांच्या सुट्टीच्या शेवटी तिथे जाऊ नका. थायलंडला दोन किनारे आणि दोन वेगळे हंगाम आहेत. नोव्हेंबरात को ताओच्या बाजूला पाऊस असतो, तर फुकेतच्या बाजूला समुद्र शांत होऊ लागतो. पाण्याचा नितळपणा हवा असेल तर अंदमान मालवणच्या पुढे आहे. पण शिकण्यासाठी तारकर्लीला एमटीडीसीच्या, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या, संस्थेत खास डायव्हिंगचा तलाव आहे, आणि मराठीतून प्रश्न विचारता येतात ही सोय मी तरी मोठी मानते.

'आज नको' म्हणणारा माणूस शोधा

माझ्या पहिल्या कोर्सच्या दुसऱ्या दिवशी मला सर्दी झाली. केंद्रावरचा माणूस म्हणाला, "गोळी घ्या मॅडम, नाक मोकळं होईल." मी ऐकलं. घाटात कानाला दडे बसतात, तसंच पाण्यात होतं, पण फार वेगाने, कारण अवघ्या 10 मीटरवर दाब दुप्पट होतो. गोळीचा असर पाण्यातच ओसरला, तर वर येताना आत अडकलेली हवा बाहेर पडायला वाट शोधते. कान दुखायला लागला तेव्हा मी खालीच होते. पुढचा महिनाभर त्या कानाने कमी ऐकू येत होतं.

तेव्हापासून कुठलंही केंद्र ठरवण्याआधी माझा पहिला प्रश्न हाच असतो: सर्दी झाली तर तारीख पुढे ढकलता का, आणि पैशांचं काय? उत्तराला टाळाटाळ झाली की मी पुढे बोलत नाही. मग विचारते, शिकवणार कोण, एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, होडीवर ऑक्सिजन आहे का. इन्स्ट्रक्टरचा नंबर मागून घ्या; तो संस्थेच्या वेबसाइटवर तपासता येतो. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये डायव्हिंग धरलंय का, तेही बघा. पुष्कळदा ते वगळलेलं असतं.

शेवटच्या दिवशी घाट चढणं

विमानाचा नियम बऱ्याच जणांना माहीत असतो: एका डायव्हनंतर किमान 12 तास, अनेक डायव्ह केले असतील तर 18 तास उडायचं नाही. पाण्याखाली दाबामुळे अंगात नायट्रोजन विरघळतो, आणि उंचीवर दाब घटला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. पण आपण पुणेकर मालवणहून गाडीने येतो तेव्हा हे विसरतो. हे नियम सुमारे 600 मीटरपासून पुढच्या उंचीसाठी सांगितले आहेत, आणि आंबोलीच साधारण 690 मीटरवर आहे. कुठल्याही वाटेने आलात तरी सह्याद्री चढावाच लागतो. दुपारी शेवटचा डायव्ह आणि रात्री गाडी काढून सकाळी ऑफिस, हा बेत करू नका. एक रात्र मालवणात थांबा, सकाळी किल्ला बघा, जेवून निवांत निघा. रजेचा अर्ज करतानाच हा दिवस त्यात धरा.