कोकणातल्या पडवीला सिलिंग: झड खाऊनही टिकेल असं

पडवीचं सिलिंग खालून भिजून खराब होतं असं वाटतं. खरा दगा पाठीमागून आणि कापलेल्या कडांतून येतो. पीओपी आणि जिप्सम इथे नकोच. दमट हवेनेच फुगतात. प्लाय हवाच असेल तर आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन घ्या, साध्या एमआर (फक्त ओल सोसणाऱ्या) ग्रेडचे थर सुटतात. पीव्हीसी पॅनेलला बुरशी-वाळवीची भीती नाही, पण पत्र्याखाली उन्हाने मऊ पडून झोळ येतो. सागवान उत्तम, खिसा आणि दर दोन-तीन वर्षांनी तेलपाणी करायची तयारी हवी.

सगळ्यात हिशोबी फायबर सिमेंट शीट, 8 मिमी. आयएस 14862 मधली ‘टाइप ए’ मागा. ‘टाइप बी’ घरातल्या कामाची. 20 बाय 6 फुटांच्या पडवीला 8 बाय 4 च्या चार शीट नीट कापल्या तर पुरतात.

शीट ज्यावर बसते ते जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) चॅनेल 16 इंचांवर घ्या. त्या मापात आठ फुटी शीटचा जोड बरोबर चॅनेलवर येतो. 18 वर धरलात तर जोड अधांतरी राहतो आणि तिथेच पुढे तडा जातो. चॅनेलच्या कापलेल्या टोकांना झिंक प्रायमर मारा. स्क्रू स्टेनलेसचेच, समुद्राजवळ 316 ग्रेडचे. कडेने 8 इंचांवर, मध्ये 12 वर, काठापासून किमान अर्धा इंच आत. काळे ड्रायवॉल स्क्रू एका पावसात गंजाचे ओघळ सोडतात.

शीट चढवण्याआधी, जमिनीवर असतानाच, पाठ आणि चारही कडांना अल्कली-रोधक प्रायमर द्या. मिस्त्री हे टाळतात, म्हणून समोर उभे राहा. कापताना मास्क लावायला सांगा, ती धूळ छातीत बसते. वर अ‍ॅक्रिलिक एक्स्टेरियर रंग. ऑइल पेंट सिमेंटच्या क्षारांनी सोलतो.

जोडात 3-4 मिमी फट ठेवून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा, पुट्टी नको. वळचणीकडच्या पट्टीचा काठ सिलिंगपेक्षा अर्धा इंच खाली उतरू द्या, म्हणजे पागोळीचं पाणी तिथेच गळतं, शीटच्या पोटाला चिकटून आत शिरत नाही. भिंतीलगत आणि वळचणीला बोटभर फट सोडून स्टेनलेस जाळी लावा: हवा खेळते, वटवाघळं येत नाहीत.

काम एप्रिलपर्यंत उरका. मिरगाच्या तोंडावर मारलेला रंग वाळत नाही. आणि कौलं आधी चाळून घ्या, गळकं छप्पर असेल तर यातलं काहीच टिकणार नाही.