काकडीची फिंगर सँडविच ओली होत असतील तर

इंग्रजी थाटाच्या दुपारच्या चहाला काकडीची सँडविच केली की अर्ध्या तासात पाव ओलागच्च, आणि उचलताना चकत्या घसरून बशीत. काकडी नुसती टिपून घेतली, आयत्या वेळी भरली, फरक शून्य. नको ते सँडविच, असं झालं होतं.

जमलं ते असं. काकडी सोलून, पलीकडे सुरीचं पातं दिसेल इतक्या पातळ चकत्या करायच्या. चिमूटभर मीठ लावून २० मिनिटं चाळणीत ठेवायच्या. बरंच पाणी सुटतं. मग कोरड्या फडक्यात दाबून टिपायच्या. पिळायच्या नाहीत, चुरा होतो. मऊ, बिनमिठाचं लोणी दोन्ही स्लाइसना आतून थेट कडेपर्यंत लावायचं. इथे कंजुषी नको, लोण्याच्या थरामुळेच पाणी पावात उतरत नाही. चकत्या एकमेकींवर थोड्या चढवून मांडायच्या, वर पांढरी मिरपूड. पावाच्या कडा सँडविच भरून झाल्यावरच दातेरी सुरीने, न दाबता काढायच्या आणि तीन पट्ट्या कापायच्या. वाढेपर्यंत घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याखाली ठेवा, म्हणजे पाव वरून सुकत नाही.