मॉर्टिफिकेशनचा इतिहास क्रमाने कसा ऐकावा

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात 1990 साली स्थापन झालेल्या मॉर्टिफिकेशन या बँडची ओळख सर्वत्र ‘ख्रिस्ती डेथ मेटल बँड’ अशी करून दिली जाते आणि नवा श्रोता नेमका तिथेच फसतो. या बँडच्या पंचवीस वर्षांच्या कामात निखळ डेथ मेटल (खोल गुरगुरता आवाज आणि जड, वेगवान गिटार-ड्रम असलेले मेटल संगीत) म्हणावे असे अल्बम जेमतेम दोन-तीन आहेत. बाकीच्यांत थ्रॅश (वेगवान, धारदार मेटल) आहे, ग्रूव्ह (मध्यम गतीचे, ठेक्यावर भर देणारे मेटल) आहे, जुन्या वळणाचे हेवी मेटलही आहे. शैलीचे लेबल मनात धरून ऐकायला बसलेला माणूस म्हणूनच चौथ्या अल्बमपाशी वैतागून उठतो. त्याऐवजी त्या त्या अल्बमवर वाजवणारे कोण होते आणि बँडचे संस्थापक, बासवादक व गायक स्टीव्ह रो यांचे त्या काळात काय चालले होते, या दोन गोष्टींच्या आधाराने ऐकावे. तसे केले तर हा इतिहास सरळ उलगडतो.

सुरुवात मॉर्टिफिकेशनपासून न करता लाइटफोर्स या आधीच्या बँडपासून करावी. रो यांच्या या बँडचे ‘बॅटलझोन’ (1987) आणि ‘मिस्टिकल थीव्ह्ज’ (1989) हे दोन अल्बम सुरेल हेवी मेटलचे आहेत. ते पूर्ण ऐकण्याची गरज नाही, प्रत्येकी दोन गाणी पुरेत. रो कुठून निघाले होते एवढे कळले की काम झाले. त्याबरोबर काळाची थोडी कल्पना असू द्यावी. अमेरिकेत 1988 साली व्हेंजन्स रायझिंगने ‘ह्यूमन सॅक्रिफाइस’ काढून ख्रिस्ती आशय आणि कर्कश थ्रॅश एकत्र नांदू शकतात हे दाखवून दिले होते, तर फ्लोरिडात डिसाइडसारखे बँड उघड ख्रिस्तविरोधी डेथ मेटल वाजवत होते. या दोन टोकांच्या मधोमध रो यांनी आपली जागा शोधली.

यानंतर पहिला खड्डा येतो. ‘ब्रेक द कर्स’ हा अल्बम यादीत 1994 सालचा म्हणून दिसतो, कारण अल्बमच्या रूपात तो त्या वर्षी निघाला. प्रत्यक्षात ते 1990 सालचे डेमो, म्हणजे नमुन्यादाखल केलेले ध्वनिमुद्रण आहे. प्रकाशनाच्या तारखेप्रमाणे गाणी लावणारा श्रोता तो मधेच ऐकतो आणि बँड अचानक मागे गेला, असा चुकीचा निष्कर्ष काढतो. म्हणून तो उचलून सर्वांत आधी ठेवावा. या ध्वनिमुद्रणात गिटारवर लाइटफोर्समधलेच कॅमरन हॉल आहेत आणि ड्रमवर जेसन शेरलॉक आहेत. त्यामुळे वेग वाढलेला असला तरी आधीच्या बँडची सावली जाणवते.

आता एक छोटा प्रयोग करावा. ‘ब्रूटल वॉरफेअर’ हे गाणे या डेमोतही आहे आणि ‘मॉर्टिफिकेशन’ या 1991 सालच्या पहिल्या अल्बमवरही आहे. दोन्ही रूपे हेडफोन लावून लागोपाठ ऐकावीत. पहिल्या अल्बमपर्यंत गिटार मायकेल कार्लाइल यांच्या हाती आली होती. गाणे तेच, पण गिटारचा पोत आणि रो यांचा आवाज कोणत्या दिशेने निघाला आहे ते या दोन रूपांत समजते. बँडच्या बदलावर पानेच्या पाने वाचण्यापेक्षा ही दहा मिनिटे अधिक शिकवतात, असे माझे मत आहे.

पुढचा अल्बम ‘स्क्रोल्स ऑफ द मेगिलॉथ’ (1992) हा या इतिहासाचा गाभा आहे आणि त्याला घाईने हात लावू नये. रो, कार्लाइल आणि शेरलॉक हे तिघेच असूनही आवाज प्रचंड भरलेला आहे. पहिल्या वेळी फक्त ड्रमवर लक्ष ठेवावे: ‘नॉक्टर्नल’ या पहिल्याच गाण्यापासून शेरलॉक यांचे दोन्ही पाय आणि हात कुठे एकत्र धावतात आणि कुठे लय मुद्दाम जड केली जाते, ते टिपावे. दुसऱ्या वेळी गिटार आणि बास ऐकावेत. तिसऱ्या वेळी गाण्यांचे शब्द समोर घेऊन बसावे, कारण या अल्बमवर रो यांचा गळा इतका खोल उतरतो की छापील शब्दांशिवाय ‘डेथ रिक्विएम’ किंवा ‘नेक्रोमॅनिसाइड’ अशी नावे वाचून कोणालाही हा नेहमीचा स्मशानी डेथ मेटल वाटेल. मुखपृष्ठाने आणि नावांनी जो धक्का द्यायचा तो द्यायचा आणि आशय मात्र पाप, मृत्यू व तारणाचा ठेवायचा, ही या बँडची रीत इथे सर्वांत स्पष्ट दिसते. अल्बमच्या नावातला निर्देश हिब्रू बायबलातील पाच गुंडाळ्यांकडे आहे. मराठी बायबलात ती पुस्तके गीतरत्न, रूथ, विलापगीत, उपदेशक आणि एस्तेर या नावांनी सापडतात. श्रद्धा असो वा नसो, शब्द वाचताना जवळ बायबल ठेवले तर संदर्भ पटकन लागतात.

‘पोस्ट मोमेंटरी अफ्लिक्शन’ (1993) ऐकताना लय कुठे मंदावते याकडे पाहावे. अधूनमधून येणारे छोटे प्रायोगिक तुकडे काहींना खटकतात, पण बँडला एका साच्यात राहायचे नव्हते याचा पुरावा तेच आहेत. याच वर्षीचा ‘लाइव्ह प्लॅनेटेरियम’ हा मैफिलीतला अल्बम लगेच ऐकावा, म्हणजे या तिघांची जोडणी स्टुडिओच्या मदतीवर उभी नव्हती हे पटते. त्यानंतर शेरलॉक बाहेर पडले.

इथे मुख्य रस्ता सोडून एक आडवाट धरावी, कारण ती मुख्य रस्त्याइतकीच महत्त्वाची आहे. शेरलॉक यांनी पॅरामेशियम या मेलबर्नच्याच बँडच्या ‘एक्झ्यूम्ड ऑफ द अर्थ’ (1993) या अतिशय मंद, शोकमग्न अल्बमवर ड्रम वाजवले. मग 1994 साली होर्ड या नावाखाली त्यांनी ‘हेलिग उस्वार्ट’ काढला. नॉर्वेतील ब्लॅक मेटलची (किंचाळता आवाज आणि मुद्दाम कच्चा ठेवलेला ध्वनी असलेली) शैली जशीच्या तशी उचलून तिच्यात ख्रिस्ती शब्द भरलेला हा अल्बम त्यांनी ‘अनॉनिमस’ या टोपणनावाने केला, आणि नॉर्वेत चर्च जाळण्याचे प्रकार ताजे असताना तो न्यूक्लिअर ब्लास्टसारख्या मोठ्या जर्मन कंपनीने प्रकाशित केल्यामुळे बराच गहजब झाला. मॉर्टिफिकेशनमधून नेमके काय गेले हे समजण्यासाठी ‘हेलिग उस्वार्ट’ आणि पुढचा ‘ब्लड वर्ल्ड’ एकाच आठवड्यात ऐकावेत.

‘ब्लड वर्ल्ड’ (1994) वर ड्रमला फिल गिब्सन आहेत आणि रो गुरगुरण्याऐवजी ओरडतात. जुने चाहते या अल्बमवर रुसले. मला तो रुसवा अनाठायी वाटतो; थ्रॅश आणि ग्रूव्हचा अल्बम म्हणून तो उत्तम बांधलेला आहे, फक्त त्याच्याकडून ‘स्क्रोल्स’ची अपेक्षा करू नये. कार्लाइलही गेल्यावर आलेला ‘प्रिमिटिव्ह रिदम मशीन’ (1995) एकदा ऐकून पुढे जावे.

‘एन्व्हिजन इव्हँजेलीन’ (1996) साठी मात्र वेळ राखून ठेवावा. पहिलेच गाणे अठरा मिनिटांहून मोठे आहे आणि येशूचे क्रुसावरील मरण देवदूतांच्या नजरेतून सांगते. ते तुकड्यांत ऐकले तर हाती काही लागत नाही. एका बैठकीत ऐकावे. गिटारवादक लिंकन बोवेन आणि ड्रमर कीथ बॅनिस्टर यांच्यासह रो यांनी बँड पुन्हा उभा केला होता, आणि त्याच वर्षी रो यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. अस्थिमज्जा प्रत्यारोपण आणि दीर्घ उपचारांतून ते वाचले. ‘ट्रायम्फ ऑफ मर्सी’ (1998) हा अल्बम या आजारपणानंतरचा आहे. संगीताच्या कसोटीवर तो ‘स्क्रोल्स’च्या जवळपासही जात नाही, परंतु मृत्यूविषयी इतकी वर्षे गाणारा माणूस स्वतः त्याच्या दारातून परत आल्यावर काय गातो, हे ऐकायचे असेल तर तो वगळता येत नाही.

त्यापुढचे अल्बम निवडून ऐकले तरी चालतात. ‘हॅमर ऑफ गॉड’ (1999) मध्ये दम आहे. ‘द सिल्व्हर कॉर्ड इज ब्रोकन’ (2001) घेण्यापूर्वी उपदेशकाच्या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचावा, शीर्षक तिथूनच आले आहे. ‘रिलेंटलेस’ (2002), ‘ब्रेन क्लीनर’ (2004) आणि ‘इरेझिंग द गॉब्लिन’ (2006) यांपैकी एखादा पुरेसा आहे. ‘रेल्म ऑफ द स्केलाटॉर’ (2015) ऐकायचा असेल, तर त्याआधी ‘मॉर्टिफिकेशन’ हा 1991 सालचा अल्बम पुन्हा एकदा लावावा; मधल्या चोवीस वर्षांत फक्त रो तेवढे कायम राहिले आहेत, हे मग वादकांची यादी न पाहताही ओळखू येते.