मुलांना आक्रमण शिकवताना सरावाची पद्धत कशी निवडावी

8 ते 12 वर्षांच्या मुलांना फुटबॉलमधील आक्रमण शिकवताना प्रशिक्षकापुढे मुख्यतः तीन वाटा असतात: प्रतिस्पर्ध्याविना रांगेत केलेले ड्रिल, दोनास एक (दोन आक्रमक, एक बचावपटू) अशी छोटी झुंज आणि लहान मैदानावरचा चारास चार सामना. निवड करताना दोन प्रश्न विचारावेत. प्रत्येक मुलाच्या पायाशी चेंडू किती वेळा येतो, आणि तो आल्यावर मुलाला स्वतः काही ठरवावे लागते का?

रांगेतल्या ड्रिलचा हिशेब मांडून पाहावा. 12 मुले, एक गोल आणि प्रत्येक फटक्याला 20 सेकंद धरले, तर एकाची पाळी 4 मिनिटांनी येते. म्हणजे 20 मिनिटांत त्याच्या वाट्याला जेमतेम पाच फटके येतात आणि उरलेला वेळ तो उभाच असतो. तरीही ही पद्धत टाकाऊ नाही, कारण आधाराचा पाय चेंडूच्या बाजूला कुठे टेकवावा आणि घोटा कसा ताठ ठेवावा, हे नवशिक्याला कोणी अंगावर येत नसतानाच नीट उमगते. मात्र त्यासाठी रांग नको. दोघांत एक चेंडू देऊन 10 मिनिटे पुरतात.

माझ्या मते आक्रमणाचे खरे शिक्षण दोनास एकमध्ये होते. साधारण 20 मीटर लांब आणि 12 मीटर रुंद जागा आखून एका टोकाला लहान गोल ठेवावा. चेंडू असलेल्या मुलाने थेट बचावपटूच्या रोखाने जावे, त्याला आपल्याकडे ओढून घ्यावे आणि त्याने चेंडूसाठी पाऊल पुढे टाकताच जोडीदाराच्या पुढ्यातल्या मोकळ्या जागेत पास द्यावा. बहुतेक मुले पास फार लवकर देतात, त्यामुळे बचावपटूला वळून दुसऱ्याला गाठायला सवड मिळते. अशा वेळी बाहेरून ‘पास दे’ असे ओरडू नये. खेळ थांबवून ‘तू पास दिलास तेव्हा तो कुठे होता?’ एवढेच विचारावे. बचावपटूने चेंडू हिसकावून दुसऱ्या टोकाच्या दोन मार्करांमधून बाहेर नेला, तर त्यालाही गुण द्यावा, कारण मनापासून न अडवणाऱ्या मुलासमोर घोटलेली हूल सामन्यात कामी येत नाही.

चारास चार सामन्यात हेच कौशल्य गर्दीत वापरावे लागते. तेथे एखादाच नियम जोडावा, उदाहरणार्थ कडेच्या पट्ट्यातून आलेल्या पासवर केलेल्या गोलला दोन गुण. नियम वाढले की मुले खेळाऐवजी नियमांकडेच बघतात.

पद्धतींची तुलना त्याच दिवशी करू नये. शिया आणि मॉर्गन या संशोधकांच्या 1979 मधील हाताच्या हालचालींच्या प्रयोगात एकच क्रिया सलग घोटणारे सरावादरम्यान पुढे होते, परंतु 10 दिवसांनंतरच्या चाचणीत क्रियांचा क्रम बदलत राहिलेले सरस ठरले. तो प्रयोग मैदानावरचा नव्हता, तरी रांगेतले ड्रिल लगेच यशस्वी का भासते, हे त्यावरून समजते. म्हणून पुढच्या आठवड्यातील सामन्याची 10 मिनिटे वहीत टिपावीत: पास घेण्याआधी मुलाने किती वेळा मान वर केली, बचावपटूला किती वेळा ओढून घेतले. आकडे हलत नसतील, तर पद्धत बदलण्याआधी दोनास एकच्या जागेची रुंदी दोन मीटरने वाढवून पाहावी.